सुईच्या टोकावरची धग

मायक्रोवेव्ह आता तालुक्याच्या गावातही बऱ्याच ओट्यांवर दिसतो. कालची भाजी गरम करायची, पापड भाजायचा, फार तर रवा कोरडा करून घ्यायचा, एवढंच आपलं त्याच्याशी नातं. त्या डब्यात ज्या लहरी काम करतात, जवळपास तशाच लहरी एका सुईच्या टोकातून सोडून यकृतातली कॅन्सरची गाठ पोट न फाडता जाळून टाकता येते, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्या जणींना ठाऊक असतं. मैत्रिणींनो, आज त्याच उपचाराबद्दल लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. बी.ए.ला मराठी घेतलेली, विज्ञानाची वही दहावीनंतर न उघडलेली बाई. पण गेली काही वर्षं गावातल्या पेशंटबरोबर मुंबई-पुण्याच्या हॉस्पिटलांच्या वाऱ्या करते. रांगेत उभं राहून, डॉक्टरांना दोन-दोनदा विचारून जे समजलं ते आपल्या भाषेत मांडते आहे.

या उपचाराला डॉक्टर 'ॲब्लेशन' म्हणतात. फाइलवर नुसतं आरएफए किंवा एमडब्ल्यूए असं लिहिलेलं असतं. आरएफए म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सीचा आणि एमडब्ल्यूए म्हणजे मायक्रोवेव्हचा. दोन्हीत सुई गाठीत जाते आणि उष्णता सुईच्या टोकाभोवती तयार होते.

आता आधी हे काय नाही, ते सांगते. कारण आपल्याकडे गोंधळ तिथेच होतो. रेडिएशनला आपल्या भागात 'लाईट देणं' किंवा 'शेक देणं' म्हणतात. "मावशींना पंचवीस लाईट दिले," असं आपण सहज बोलतो. ॲब्लेशन हा तो शेक नव्हे. लाईटमध्ये बाहेरून किरण सोडतात, रोज थोडे थोडे, कित्येक आठवडे. इथे किरणोत्सर्ग नाही, सुई आत जाते नि काम बहुतेक वेळा एकाच बैठकीत होतं. आणि जत्रेत, प्रदर्शनात किंवा कुणाच्या तरी ओळखीतून घरी येऊन जे पट्टे विकतात, "रोज अर्धा तास पोटाला बांधा, गाठ विरघळते" म्हणून, त्याचा तर याच्याशी दुरूनही संबंध नाही. पोटावर गरम पट्टा बांधला तर कातडी तापेल, यकृतातल्या गाठीला पत्ताही लागणार नाही. बाहेरून इतकी ऊब आत पोहोचवायची तर वरची कातडी आधी भाजून निघेल. म्हणूनच तर सुई लागते.

अंड्याचा पांढरा भाग आणि तव्यावरची भाकरी

पेशी उष्णतेने मरतात म्हणजे काय होतं, हे मला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फार सोपं करून सांगितलं. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग पाण्यासारखा असतो, उकडला की घट्ट पांढरा होतो आणि मग काही केलं तरी पुन्हा पातळ होत नाही. शरीरातल्या पेशींमधल्या प्रथिनांचंही तेच. साधारण ६० अंशांच्या वर तापमान गेलं की पेशी जवळजवळ तत्क्षणी मरते. ५० अंशांच्या आसपास तिला काही मिनिटं लागतात. आपल्या अंगात १०४ ताप चढला तर आपण घाबरतो, तो असतो ४० सेल्सियस. म्हणजे तापापेक्षा वीस अंश जास्त, पण तेवढ्या एका जागी.

रेडिओफ्रिक्वेन्सीमध्ये सुईतून वीज जाते. "अगं बाई, वीज?" असं आमच्या बचत गटातल्या एकीने विचारलंच. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते, म्हणून झटका बसतो. या यंत्रातली वीज सेकंदाला साधारण चार-पाच लाख वेळा मागेपुढे होते. इतक्या वेगाने बदलणारी वीज अंगातून गेली तर स्नायूंना झटका बसत नाही, फक्त ऊब येते, हे फ्रान्समधल्या दार्सोनव्हाल या शास्त्रज्ञाने १८९१ साली दाखवून दिलं होतं. सव्वाशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही! जुन्या रेडिओवर मिडियम वेव्हचा पट्टा जिथे सुरू होतो, त्याच्या जरा अलीकडची ही कंपनं, म्हणून नावात रेडिओ. सुईच्या टोकाजवळ पेशींमधले क्षारांचे कण या विजेबरोबर मागेपुढे हलत राहतात, घर्षण होतं आणि ती जागा तापते. वीज बाहेर पडायला वाट हवी, म्हणून पेशंटच्या मांड्यांवर मोठे चिकट पॅड लावतात.

पण एक अडचण असते आणि ती भाकरी करणाऱ्या बाईला लगेच कळेल. तवा फार तापला तर भाकरी वरून करपते आणि आत कच्ची राहते. तसंच इथे. सुईच्या अगदी लगतचा भाग करपला की त्यातून वीज पुढे जात नाही, आणि लांबच्या पेशी जिवंत राहतात. म्हणून काही सुयांच्या आतून गार पाणी फिरवतात, की जवळचं करपू नये आणि धग लांबवर जावी. काही सुयांच्या टोकातून आत गेल्यावर छत्रीच्या काड्यांसारख्या बारीक तारा उघडतात. ही छत्रीची गोष्ट ऐकली तेव्हा मला अगदी नवल वाटलं होतं. आत जाताना मिटलेली, गाठीत उघडायची, काम झालं की मिटून बाहेर.

मायक्रोवेव्हची तऱ्हा वेगळी. त्यात वीज पेशंटच्या अंगातून आरपार जात नाही, म्हणून मांडीवरचे पॅड लागत नाहीत. सुई म्हणजे एक छोटा अँटेनाच असतो. त्यातून लहरी निघतात आणि आजूबाजूच्या पाण्याच्या कणांना सेकंदाला अब्जावधी वेळा गरागरा फिरवतात. आपल्या ओट्यावरच्या डब्यात भाजीतलं पाणी असंच तापतं. घरातला मायक्रोवेव्ह २,४५० मेगाहर्ट्झवर चालतो, हॉस्पिटलातली बरीच यंत्रंही त्याच आकड्यावर, काही ९१५ वर. मुळात हे स्वयंपाकाला उपयोगी पडेल हेसुद्धा अपघातानेच कळलं म्हणे. अमेरिकेत १९४५ साली रडारच्या यंत्राजवळ उभ्या असलेल्या पर्सी स्पेन्सर नावाच्या इंजिनीअरच्या खिशातलं चॉकलेट वितळलं आणि त्याने ते धरून ठेवलं. खिशातलं चॉकलेट वितळल्यावर आपण आधी शर्टाचा डाग बघितला असता!

मायक्रोवेव्ह लवकर तापवतो आणि जरा मोठा गोल जाळतो. दुसरा फायदा रक्तवाहिनीजवळ दिसतो. वाहत्या पाटाच्या काठावर चूल मांडली तर भांडं जसं लवकर तापत नाही, तसं मोठ्या रक्तवाहिनीशेजारच्या गाठीतली उष्णता वाहतं रक्त घेऊन जातं आणि त्या बाजूच्या पेशी वाचतात. रेडिओफ्रिक्वेन्सीला हा त्रास जास्त, मायक्रोवेव्हला कमी. पण म्हणून "आम्हाला मायक्रोवेव्हच पाहिजे" असा हट्ट धरू नये. कुठली गाठ कुठे आहे आणि त्या डॉक्टरांचा हात कशावर बसलेला आहे, यावर ते ठरतं.

प्रत्यक्षात काय होतं ते ऐका. सुई साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाडीची, आपल्या गोधडी शिवायच्या दाभणासारखी, पण लांब. भूल देतात किंवा गुंगीचं औषध देऊन ती जागा बधिर करतात. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर बघत बघत सुई गाठीत नेतात. हे करणारे डॉक्टर बहुतेक वेळा सर्जन नसतात, तर 'इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट' असतात. हा शब्द एका कागदावर लिहून ठेवा, कारण आपल्या गावात तो कुणी उच्चारत नाही. जाळण्याचं काम मायक्रोवेव्हने एका जागी पाच-दहा मिनिटांत होतं, रेडिओफ्रिक्वेन्सीने दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत. फक्त गाठच जाळून भागत नाही, भोवतालचा अर्धा ते एक सेंटीमीटर चांगला भागही जाळतात. ब्लाउज बेतताना आपण शिलाईसाठी कापड सोडतो ना, तसंच. कारण गाठीच्या कडेला डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी पसरलेल्या असू शकतात.

आणि आता त्या जुन्या भीतीबद्दल. "सुई लावली की कॅन्सर पसरतो," हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता मोजायचं सोडून दिलं. सुईच्या वाटेवर पेशी सांडणं कधी घडतच नाही असं नाही, क्वचित घडतं. पण डॉक्टरांना ते माहीत आहे, म्हणून सुई बाहेर काढताना तिची वाटही तापवत तापवत येतात. त्याने रक्त थांबतं आणि वाटेवर राहिलेल्या पेशीही मरतात. या क्वचित घडणाऱ्या गोष्टीच्या भीतीने गाठ वाढू देणं हा सौदा कुठल्याच हिशेबात बसत नाही.

गाठ आवळ्याएवढी असताना

हा उपचार कुणाला लागू पडतो, हा खरा प्रश्न. यकृतातली गाठ तीन सेंटीमीटरपर्यंत असेल, म्हणजे साधारण एका आवळ्याएवढी, आणि संख्येने तीनपर्यंत असतील, तर सुई उत्तम काम करते. त्याच्या पुढे गाठ जसजशी मोठी होते, तसतशी आत जिवंत पेशी मागे राहण्याची शक्यता वाढत जाते. पाच सेंटीमीटरच्या पुढे नुसत्या सुईवर कुणी शहाणा डॉक्टर भिस्त ठेवत नाही.

आवळ्याएवढ्या गाठीच्या बाबतीत मात्र निकाल ऑपरेशनच्या बरोबरीला येऊन बसलेत. जपानमध्ये तीनशे पेशंटवर तुलना झाली. यकृताचा कॅन्सर, गाठी तीन सेंटीमीटरपर्यंत, अर्ध्यांना ऑपरेशन आणि अर्ध्यांना रेडिओफ्रिक्वेन्सी. दोन्ही गटांतली माणसं सारखीच जगली. दुसरी तुलना युरोपातली, मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पोहोचलेल्या पेशंटची. 'कोलिजन' नावाच्या त्या अभ्यासाचे निकाल २०२४ साली जाहीर झाले. लहान गाठींसाठी सुई ऑपरेशनपेक्षा कमी पडत नाही आणि गुंतागुंत कमी होते, हे इतकं स्पष्ट दिसलं की अभ्यास ठरल्याच्या आधीच थांबवला. मला वाटतं, हे आपल्या नातेवाईकांमधल्या त्या मंडळींना ऐकवायला हवं, ज्यांना पोट फाडल्याशिवाय उपचार झाल्यासारखाच वाटत नाही.

पण यात एक खोच आहे. आवळ्याएवढी गाठ दुखत नाही. भूक जात नाही, कावीळ होत नाही, हाताला लागत नाही. ती शोधावी लागते. आणि शोधण्याचा उपाय साधा आहे. ज्यांचं यकृत आधीच खराब झालंय त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची, जोडीला 'एएफपी' नावाची रक्ताची तपासणी.

आता यात आपण कुठे येतो? यकृताचा विषय निघाला की आपण दारूकडे बोट दाखवतो आणि मोकळ्या होतो. दारू हे कारण आहेच. पण हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू बायकांनाही सोडत नाहीत, आणि मधुमेह, वाढलेलं वजन यांतून येणारं फॅटी लिव्हरही काही जणींत पुढे 'सिरॉसिस'पर्यंत जातं. सिरॉसिस म्हणजे यकृत कडक, गाठाळ होणं.

आमच्या बचत गटातल्या एक मावशी आहेत. वय पंचावन्नच्या पुढे, उभ्या आयुष्यात दारूचा थेंब नाही, महिन्यातल्या दोन्ही एकादशा. धाकट्याच्या वेळी सिझेरियन झालं तेव्हा खूप रक्त गेलं आणि दोन बाटल्या रक्त चढवलं. ही गोष्ट रक्ताची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी सक्तीची होण्याच्या आधीची. त्या रक्तातून विषाणू आला असावा, असं डॉक्टर म्हणाले. तीस वर्षं तो गुपचूप यकृत पोखरत राहिला आणि मावशी सुनांना सांभाळत राहिल्या. पित्ताशयात खडे आहेत का म्हणून केलेल्या सोनोग्राफीत यकृत खडबडीत दिसलं. रक्त तपासलं तर हिपॅटायटिस सी. त्याच्या गोळ्या २०१८पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, बहुतेकांना बारा आठवड्यांचा कोर्स पुरतो आणि विषाणू जातो. मावशींचाही गेला. त्यांच्या मुलाने पेढे वाटले. पण जिल्ह्याच्या डॉक्टरांनी बजावलं, विषाणू गेला तरी कडक झालेलं यकृत तसंच आहे, सहामाही सोनोग्राफी सोडायची नाही. मावशींनी ती कॅलेंडरवर लिहिली. संक्रांतीनंतर एक आणि आषाढीनंतर एक. तिसऱ्या की चौथ्या वेळी गाठ दिसली, दोन सेंटीमीटरपेक्षा जराशी मोठी.

तिथून पुढेही सगळं सरळ झालं नाही. जिथे आधी नेलं, तिथे ऑपरेशनचं सांगितलं, आणि यकृत कडक असल्याने धोका फार, म्हणून घरच्यांनी परत आणलं. सुईचा विषय तिथे निघालाच नाही. एका दिरांनी "आता देवावर सोडा" म्हटलं. मग आम्ही रिपोर्ट घेऊन मुंबईला गेलो, तिथे सुईने करता येईल असं कळलं, आणि मायक्रोवेव्हने झालं. दोन रात्री हॉस्पिटलात. तिसऱ्या दिवशी मावशी चालत बाहेर आल्या आणि पहिली चौकशी केली ती म्हशीच्या वैरणीची.

दुसरी एक वहिनी होती. होती असं लिहावं लागतंय. मधुमेह, फॅटी लिव्हर आणि त्यातून सिरॉसिस. तिलाही हेच सांगितलं होतं, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. पहिली झाली. दुसऱ्या वेळी लेकीचं बाळंतपण आलं. मग दिवाळी. मग सोयाबीनची काढणी, मजूर मिळेनात. मग नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन. त्याच्या सगळ्या तपासण्या तिने एकही तारीख न चुकवता केल्या, फाइल इस्त्री केल्यासारखी जपलेली. स्वतःची सोनोग्राफी दोन वर्षं राहिली. पोट फुगल्यावर गेली तेव्हा गाठ आठ सेंटीमीटरची होती आणि यकृताच्या मोठ्या शिरेत शिरली होती. "सुईने होईल का हो डॉक्टर?" मी विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली. गोळ्या चालू केल्या, काही महिने मिळाले. घरात ती सोडून कुणाची तपासणी राहिली नव्हती.

सुईनंतर

सुई झाली म्हणजे संपलं, असं नाही. पहिले काही दिवस बारीक ताप, उजव्या कुशीत दुखणं, थकवा असतो. मेलेल्या पेशींचा निचरा शरीर करत असतं, त्याचा तो ताप. पण ताप खूप चढला, थंडी वाजून आली, पोट कडक झालं किंवा डोळे पिवळे दिसले तर घरी काढे देत बसू नका. आत पू होणं, रक्तस्राव, पित्ताच्या नळीला किंवा शेजारच्या आतड्याला धग लागणं, हे धोके थोडे असले तरी आहेत. आतडं फार चिकटून असेल तर डॉक्टर मध्ये पाणी सोडून ते बाजूला सारतात, नाहीतर सुईच नको म्हणतात. पोटात पाणी झालेलं असेल, कावीळ असेल, रक्त गोठत नसेल तरीही थांबतात.

साधारण महिन्याने रंगद्रव्य देऊन सीटी किंवा एमआरआय करतात आणि पुढे काही महिन्यांच्या अंतराने करत राहतात. आणि इथे घराघरांत रडारड होते, म्हणून मुद्दाम लिहिते. रिपोर्टमध्ये गाठीच्या जागी काहीतरी दिसतंच! उलट सुरुवातीला ती जागा आधीपेक्षा मोठी दिसते, कारण भोवतालची कडही जाळलेली असते. ती जळलेली जागा व्रणासारखी राहते आणि हळूहळू आक्रसते. मावशींच्या मुलाने तो आकडा वाचला आणि रात्री अकराला मला फोन केला, "काकू, गाठ वाढली." डॉक्टर बघतात ते वेगळं. त्या जागेत रंगद्रव्य शिरतंय का, म्हणजे तिथे जिवंत रक्तपुरवठा उरलाय का. शिरत नसेल तर ती मेलेली जागा आहे. कडेला थोडी जिवंत राहिली असेल तर पुन्हा सुई करता येते. शिवाय कडक यकृतात दुसरीकडे नवी गाठ येऊ शकते, म्हणून सहामाहीचं कॅलेंडर सुटत नाही. कुणाकुणाला पुढे यकृत बदलण्याचाही विचार करावा लागतो.

"माझ्या गाठीला चालेल का?"

हे सगळं मंडळात सांगितलं की बायका आपापल्या गाठी घेऊन येतात. स्तनातल्या गाठीबद्दल आधी स्पष्ट लिहिते. स्तनाच्या कॅन्सरला आजही नेहमीचा उपचार ऑपरेशनच आहे, आणि लहान गाठीत संपूर्ण स्तन न काढता ते होतं. जपानमध्ये अगदी लहान, दीड सेंटीमीटरपर्यंतच्या निवडक गाठींसाठी रेडिओफ्रिक्वेन्सीला २०२३ साली मान्यता मिळाली, पण त्या बातमीवर विसंबून आपल्याकडे कुणी ऑपरेशन लांबवू नये.

गळ्यातल्या थायरॉईडच्या साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठींना रेडिओफ्रिक्वेन्सीने लहान करतात. कोरियातल्या डॉक्टरांनी यावर पुष्कळ काम केलंय. गळ्यावर व्रण राहत नाही आणि बहुतेकींना जन्मभराची गोळीही लागत नाही. लग्नाच्या मुलीच्या आईला याचं महत्त्व कळेल, जरी मला स्वतःला गळ्यावरच्या व्रणावरून मुलगी नाकारणाऱ्यांची कीव येते.

गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठीही रेडिओफ्रिक्वेन्सीने जाळता येतात. अमेरिकेत यासाठीच्या यंत्राला २०१२ साली परवानगी मिळाली. आपल्याकडे ही सोय थोड्याच ठिकाणी आहे, आणि पुढे मूल हवं असणारीने तर नीट विचारूनच ठरवावं. पण निदान एवढं तरी व्हावं, की "पिशवी काढून टाका, कटकट संपेल" हे एकच उत्तर घेऊन आपण घरी येऊ नये. बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या, ते २०१९ साली सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. लहान गाठ असेल आणि त्रास नसेल, तर पुष्कळदा काहीच न करता लक्ष ठेवलं तरी चालतं. पाळी गेल्यावर फायब्रॉइड बहुधा आपणहून आक्रसतात.

आणखी एक गाठ सांगण्यासारखी आहे, ती मुलांची. दहा ते वीस वर्षांच्या मुलाचा पाय एकाच जागी रात्री ठणकतो आणि वेदनाशामक गोळीने थांबतो. आपण म्हणतो वाढीचं दुखणं. कधी कधी ते हाडातल्या सुपारीएवढ्या एका साध्या गाठीचं असतं, 'ऑस्टिऑइड ऑस्टिओमा' असं त्याचं जिभेला वळसे घालणारं नाव. पूर्वी त्यासाठी हाड कोरायचे. १९९२ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी तीत रेडिओफ्रिक्वेन्सीची सुई घातली, आणि आज बहुतेक मुलं एका बैठकीत बरी होतात.

जाण्याआधी

मुंबईत परळचं टाटा हॉस्पिटल, तसंच मोठ्या शहरांतली काही वैद्यकीय महाविद्यालयं आणि खासगी रुग्णालयं इथे हे उपचार होतात. सुई एकदाच वापरायची असते आणि खर्चातला मोठा वाटा तिचाच असतो. डॉक्टरांसमोर बसल्यावर आपण गप्प होतो, तेव्हा प्रश्न आधीच लिहून न्या. गाठ किती सेंटीमीटरची आणि किती आहेत? यकृताचा बाकीचा भाग कसा आहे? सुईने करता येईल का, नसेल तर नेमकं कशामुळे? तुमच्याकडे करणारे डॉक्टर आहेत का, की दुसरीकडे दाखवू? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. विचारा. चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा, पेसमेकर असेल तर नक्की सांगा. रिपोर्टच्या झेरॉक्सवर भागत नाही, स्कॅनची फिल्म किंवा सीडी बरोबर हवी, आणि जुनी सोनोग्राफीसुद्धा टाकून देऊ नका. गाठ किती वेगाने वाढली ते तिच्यावरून कळतं. मुंबईत राहायची पंचाईत असेल तर दादरला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे, टाटाचे किती तरी पेशंट तिथे राहतात. हॉस्पिटलचं पत्र बरोबर ठेवा.

पैशांचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२४पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात दाराजवळच आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांनी लिहिलेला कागद घेऊन तिथे जा. आपल्या आजारासाठी ॲब्लेशन योजनेच्या यादीत कोणत्या नावाखाली बसतं, हे त्यांच्याकडून दाखल होण्याच्या आधी बघून घ्या. दाखल झाल्यावर मंजुरी मागायला गेलं की दोन-तीन दिवस खाटेवर नुसतं बसून जातात, आणि गावाकडून फोन येत राहतात, दूध कोण काढणार म्हणून.